ठळक भौमितिक देवनागरी फॉन्ट कसा निवडावा आणि कसा वापरावा : नवोदितांसाठी मार्गदर्शन

दुकानाचा नामफलक, नाटकाची जाहिरात, गणेशोत्सव मंडळाची कमान, चित्रफितीवरचे छोटे शीर्षक, बसच्या पाठीवरची पाटी या सगळ्या ठिकाणी अक्षरांकडून पहिली अपेक्षा असते ती दुरून आणि क्षणभरात वाचले जाण्याची. मुंबईसारख्या शहरात ही अपेक्षा अधिक कडक होते, कारण इथे वाचणारा बहुधा चालत्या बसमध्ये, पुलावरच्या गर्दीत किंवा पावसात छत्रीखाली असतो. अशा कामांसाठी नव्याने अक्षररचना शिकणारे तरुण हल्ली सर्रास ठळक भौमितिक फॉन्ट उचलतात, आणि ती निवड अनेकदा योग्यही असते. मात्र फॉन्ट उचलण्यापासून फलक भिंतीवर चढेपर्यंत ज्या गोष्टी तपासाव्या लागतात, त्या फारसे कुणी क्रमाने सांगत नाही. तो क्रम इथे मांडला आहे. त्यामागचे सूत्र एकच आहे: फॉन्टच्या नमुनापत्रावरून निर्णय घेऊ नये, जो शब्द प्रत्यक्ष लावायचा आहे तोच शब्द, ज्या आकारात आणि ज्या साहित्यात लागणार आहे त्यात पाहून निर्णय घ्यावा.

आधी शैली समजून घ्यावी

भौमितिक म्हणजे ज्याची अक्षरे वर्तुळ, सरळ रेषा, चौकोन अशा मूळ आकारांतून बांधल्यासारखी दिसतात आणि ज्यात रेषेची जाडी जवळजवळ एकसारखी राहते असा फॉन्ट. रोमन लिपीत या शैलीचे सर्वात परिचित उदाहरण म्हणजे पॉल रेनर यांनी जर्मनीत घडवलेला आणि १९२७ मध्ये बाजारात आलेला फ्युचुरा. मुंबईकराला ही शैली पाहण्यासाठी पुस्तक उघडण्याची गरज नाही. १९३८ चे इरॉस, १९४९ चे लिबर्टी यांसारखी चित्रपटगृहे, मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानासमोरच्या इमारती, माटुंगा व शिवाजी पार्क परिसरातली जुनी घरे या आर्ट डेको, म्हणजे भौमितिक आकारांवर भर देणाऱ्या शैलीतल्या, वास्तूंच्या दर्शनी भागावर उठावाने काढलेली इमारतींची नावे नीट पाहिली, की ठळक भौमितिक अक्षर वास्तूच्या आडव्या-उभ्या रेषांशी कसे जुळते ते कळते. दक्षिण मुंबईतल्या या वास्तुसमूहाला २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. ही नावे बहुतांशी रोमन लिपीत आहेत, आणि नवोदिताची पहिली अडचण इथूनच सुरू होते, कारण रोमन अक्षराला सहज मानवणारी भूमिती देवनागरीला तशीच्या तशी लावता येत नाही.

देवनागरीचे पारंपरिक वळण बोरूच्या तिरक्या कापातून आले आहे. त्या कापामुळे रेषा दिशेप्रमाणे जाड-बारीक होते, आणि ही जाड-बारीक चाल गुंतागुंतीच्या अक्षरांत आपोआप जागा मोकळी करून देते. भौमितिक फॉन्टने ही चाल सोडून दिलेली असते. ‘ट’, ‘ठ’, ‘ढ’, ‘व’ या अक्षरांना त्याने काही बिघडत नाही. त्यांचे मूळ रूपच वर्तुळाला जवळचे आहे, आणि या शैलीत ती फार देखणी दिसतात. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘झ’, ‘ख’, ‘ण’ यांची गोष्ट वेगळी आहे. यांत रेषा अधिक आणि जागा कमी, त्यामुळे एकसारखी जाड रेषा वापरली की आतली पोकळी बुजू लागते. चांगला आरेखक इथे डोळ्याला न जाणवणाऱ्या तडजोडी करतो: आडव्या रेषा उभ्या कान्यापेक्षा किंचित बारीक ठेवतो, रेषा जिथे मिळतात तिथे त्या थोड्या निमुळत्या करतो, शिरोरेषेची जाडी कान्यापेक्षा कमी राखतो. फॉन्टचा दर्जा ओळखायचा असेल तर ‘ठ’ पाहण्यात वेळ घालवू नये. ‘क्ष’ आणि ‘झ’ मोठे करून या तडजोडी केल्या आहेत का, ते पाहावे.

शीर्षकासाठी घडवलेला फॉन्ट आणि मजकुरासाठी घडवलेला फॉन्ट यांतला फरकही सुरुवातीलाच मनात पक्का असावा. शीर्षकाच्या फॉन्टमध्ये अक्षरे एकमेकांना चिकटून, पोकळ्या घट्ट आणि जाडी भरपूर असते, कारण तो मोठ्या आकारात एक-दोन ओळींपुरता वाचला जाणार असे गृहीत धरलेले असते. निमंत्रणपत्रिकेचा सगळा मजकूर, औषधाच्या वेष्टनावरच्या सूचना किंवा संस्थेचा अहवाल त्यात लावला, तर वाचणारा दुसऱ्या परिच्छेदातच थकतो.

पायरी १ : शब्द मांडावा आणि त्याची नाडी पाहावी

संगणक उघडण्यापूर्वी जो मजकूर लावायचा आहे तो कागदावर स्वच्छ लिहून घ्यावा आणि त्यातली अवघड स्थाने पेन्सिलीने खुणावीत. शिरोरेषेच्या वर काय काय येते, रेषेखाली काय लोंबते, जोडाक्षरे कोणती, कोणत्या अक्षरात पोकळी कमी आहे, एवढे चार प्रश्न पुरेसे आहेत. ‘वडाळा’ या शब्दात शिरोरेषेच्या वर काहीही नाही. तो जवळजवळ कोणत्याही ठळक फॉन्टमध्ये उभा राहतो. ‘सिद्धिविनायक’ या शब्दात ‘द्ध’ ही खाली उतरणारी जोडणी आणि तिच्यावरून वळणारी वेलांटी एकाच जागी येतात. ‘वांद्रे’ यात कान्यावर अनुस्वार, शेजारी ‘द्र’ आणि त्यावर मात्रा. ‘ट्रॅव्हल्स’ हा मुंबईत दर दुसऱ्या रस्त्यावर दिसणारा शब्द तर पहिल्या अक्षरातच खाली रकार आणि वर अर्धचंद्र घेऊन येतो.

सरावासाठी उपनगरी रेल्वेच्या स्थानकांची नावे हा माझ्या माहितीतला सर्वोत्तम तपासणीसंच आहे. चर्चगेटमध्ये रफार, कुर्ल्यात उकारानंतर रफार आणि ‘ल’, विक्रोळीत ‘क्र’ला ओकार आणि ‘ळ’ला दीर्घ वेलांटी, जोगेश्वरीत ‘श्व’, महालक्ष्मीत ‘क्ष्म’, मुंबई सेंट्रलमध्ये ‘ई’ आणि ‘ट्र’. ही नावे एका पानावर एकाखाली एक लावली की त्या फॉन्टचे गुणदोष लगेच उघडे पडतात.

यापेक्षाही महत्त्वाची एक तपासणी आहे आणि ती बहुतेक नवोदितांकडून राहून जाते. देवनागरीत काही अक्षरांमधला फरक फार लहानशा खुणेवर अवलंबून असतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांत शिरोरेषा सलग आहे की तुटलेली, एवढ्यावर वाचन ठरते. रेषा जाड झाली की ती तूट अरुंद होते आणि वीस-पंचवीस फुटांवरून नाहीशी होते. मग ‘धाम’ आणि ‘घाम’ सारखेच दिसतात. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ पोकळी भरून टाकते आणि ‘ब’ व ‘व’ यांत गोंधळ होतो. ‘ख’चे दोन भाग खाली नीट जोडलेले नसतील तर ‘रव’ वाचला जातो. ‘ष’च्या पोटातली रेघ बुजली की ‘प’ आणि ‘ष’ यांचेही तेच. आपल्या शब्दात या जोड्यांपैकी एखादे अक्षर असेल, तर फॉन्ट निवडताना तेच अक्षर निर्णायक मानावे, बाकीची अक्षरे कितीही सुबक असोत.

पायरी २ : फॉन्ट निवडावा

खुल्या परवान्याखाली, म्हणजे विनामूल्य आणि व्यावसायिक कामालाही चालणारे, देवनागरी फॉन्ट आज पुष्कळ आहेत. नवोदिताने त्यांतल्या मोजक्यांचीच ओळख नीट करून घ्यावी.

पॉपिन्स हा इंडियन टाइप फाउंड्रीचा फॉन्ट भौमितिक शैलीचा सर्वात सरळ नमुना आहे. त्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपी आहेत आणि अगदी बारीकपासून अतिजाडपर्यंत नऊ जाड्या आहेत. देवनागरी निनाद काळे यांनी आणि रोमन जॉनी पिनहॉर्न यांनी आरेखित केली. गोलाई स्वच्छ, कोन काटेकोर, दोन लिपींचा मेळ चांगला. माझे मत असे की मराठी शीर्षकाला त्याची बोल्ड जाडी बहुधा पुरते. सर्वात जाड रूप दोन-तीन मोकळ्या अक्षरांच्या नावालाच द्यावे, कारण जोडाक्षर आले की त्या रूपात आतला पांढरा फार उरत नाही.

टेको आणि सरपंच हे त्याच संस्थेचे, मनुशी पारिख यांनी आरेखित केलेले फॉन्ट वर्तुळाऐवजी चौकोनावर उभे आहेत. टेको उंच आणि अरुंद आहे, म्हणून लांबलचक नाव अरुंद पट्टीत बसवायचे असेल तेव्हा उपयोगी पडतो. क्रीडास्पर्धा, दहीहंडीचे फलक, बातम्यांच्या पट्ट्या यांना त्याचा ताठपणा शोभतो. मिठाईच्या दुकानाला किंवा बालवाडीला तो कोरडा वाटतो.

बलू आणि मोदक हे मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे काम आहे. दोन्ही काटेकोर अर्थाने भौमितिक नाहीत. बलूची टोके गोलसर आणि अंग भरलेले आहे. मोदकमध्ये तर अक्षरे इतकी फुगवलेली आहेत की आतल्या पोकळ्यांच्या केवळ चिरा उरतात. तरीही यांचा उल्लेख इथे आवश्यक आहे, कारण पुष्कळदा ग्राहकाला जे हवे असते ते ‘ठळक आणि प्रेमळ’ असते, आणि तिथे वर्तुळ-चौकोनाची शिस्त अपुरी पडते. ‘अनेक’ नावाचा याच संस्थेचा फॉन्ट जाडीबरोबर रुंदीही बदलू देतो. अक्षरे आडवी ताणण्याची किंवा दाबण्याची वाईट सवय ज्यांना आहे, त्यांनी तो अवश्य वापरून पाहावा.

त्या सवयीबद्दल इथेच सांगणे बरे. जागा उरली म्हणून शब्द आडवा ताणला की काने जाड होतात आणि शिरोरेषा तेवढीच राहते. दाबला की उलट होते. कोणत्याही फॉन्टमध्ये हे दिसते, पण भौमितिक फॉन्टमध्ये ते सर्वात आधी दिसते, कारण वर्तुळाचे अंडे झालेले कोणालाही कळते. जागेप्रमाणे फॉन्ट बदलावा, आकार बदलावा, दोन ओळी कराव्यात. अक्षर मात्र ताणू नये.

भौमितिक नसलेला, तरी मुंबईच्या अक्षरांशी जवळचे नाते सांगणारा यात्रा वन हा फॉन्टही माहीत असावा. इथल्या लोकल रेल्वेच्या परिसरात रंगवलेल्या अक्षरांवरून तो स्फुरला आहे आणि त्यात कुंचल्याची चाल टिकवलेली आहे. पॉपिन्स आणि यात्रा यांत एकच शब्द शेजारी-शेजारी लावून पाहिला, की भूमितीने काय मिळवले आणि काय सोडले, याची समज फार लवकर येते.

पायरी ३ : मराठी रूपे आणि संगणकाची मांडणी तपासावी

देवनागरी लिपी अनेक भाषांची आहे, त्यामुळे अनेक फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदीत रूढ असलेली रूपे आधी उमटतात. महाराष्ट्र शासनाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण मानले आहेत. चांगल्या फॉन्टमध्ये ही रूपे आत दडलेली असतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की ती आपोआप येतात, न आल्यास अक्षरचिन्हांच्या तक्त्यातून हाताने निवडता येतात. वेबपानावर भाषेचा संकेत मराठीचा दिला तरी हेच घडते. फॉन्टमध्ये ती रूपेच नसतील, तर मुंबईतल्या मराठी फलकासाठी तो फॉन्ट वापरावा की नाही याचा गंभीरपणे विचार करावा. मी स्वतः शाळा, वाचनालय, नाट्यसंस्था यांच्या कामाला असा फॉन्ट घेणार नाही.

याचबरोबर ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’ यांतला ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’, ‘ॲक्रिलिक’मधला ‘ॲ’, ‘ऑफिस’मधला ‘ऑ’ आणि ‘ळ’ एकदा टंकून पाहावेत. जाड भौमितिक फॉन्टमध्ये ‘ऱ्य’चा चंद्रकोरीसारखा भाग कित्येकदा पुढच्या अक्षराला चिकटतो.

मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडली किंवा जोडाक्षराऐवजी पाय मोडलेली अक्षरे दिसली, तर दोष फॉन्टचा नसून सॉफ्टवेअरच्या मांडणीपद्धतीचा असतो. इलस्ट्रेटर, इनडिझाइन, फोटोशॉप यांत भारतीय लिपींसाठी असलेली दक्षिण आशियाई किंवा जागतिक मांडणीची पद्धत सेटिंगमधून चालू करावी. इंकस्केप आणि लिबरऑफिस यांत ही अडचण सहसा येत नाही. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव पद्धतीतला मजकूर आला असेल, तर तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या समान संकेतपद्धतीत, रूपांतरित करून पूर्ण वाचून काढावा. या रूपांतरात रफार आणि वेलांट्या सरकतात, आणि शीर्षकातली अशी चूक घराएवढी होऊन भिंतीवर लागते.

पायरी ४ : जाडी आणि आकार ठरवावा

हा सगळ्या कामाचा गाभा आहे. जाड अक्षर दुरून अधिक चांगले दिसते हा समज अर्धाच खरा आहे. एका मर्यादेपर्यंत जाडी वाढवली की शब्द उठून येतो, त्या पलीकडे तो काळा पट्टा होतो. शब्द वाचला जातो तो आतल्या आणि भोवतीच्या पांढऱ्या जागेमुळे. म्हणून ‘क्ष’, ‘ण’, ‘झ’ यांच्या पोकळ्या निदान कान्याच्या जाडीच्या निम्म्याइतक्या तरी उरतात का, हे मोजून पाहावे. हा नियम कोणत्याही ग्रंथातला नाही, कामातून बनलेला अंदाज आहे, पण सुरुवातीला तो चुकीची निवड टाळायला मदत करतो.

आकारासाठी फलक व्यवसायात एक ढोबळ हिशेब प्रचलित आहे: दर १० फुटांच्या अंतराला अक्षराची उंची १ इंच. हा हिशेब रोमन कॅपिटल अक्षरांसाठी आहे. देवनागरीत उंची मोजताना शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचे अंतरच धरावे. वेलांट्या, मात्रा, उकार यांची उंची त्यात धरू नये. जोडाक्षरे असतील तर या हिशेबापेक्षा थोडे मोठेच घ्यावे. रस्त्याच्या पलीकडून, म्हणजे समजा ६० फुटांवरून, वाचायच्या नावाला नुसत्या अक्षराची उंची किमान ६ इंच हवी, आणि वरखालच्या चिन्हांसाठी जागा वेगळी सोडावी लागेल. इथेच फलकाची उंची कमी पडते, आणि मग कारागीर वेलांट्या छाटतो किंवा मात्रा दाबतो. फलकाचे माप ठरण्यापूर्वी हा हिशेब ग्राहकापुढे ठेवला, तर पुढचे बरेच वाद टळतात.

खऱ्या अंतरावरून पाहण्याची सोय नसेल तर प्रमाण लहान करावे. ६ इंचांचे अक्षर ६० फुटांवरून जसे दिसेल, तसेच ०.६ इंचाचे अक्षर ६ फुटांवरून दिसते. तेवढ्या आकाराची छपाई करून भिंतीला लावावी, सहा फूट मागे जावे, आणि ज्याला तो शब्द आधी माहीत नाही अशा माणसाला वाचायला सांगावे. आपण स्वतः वाचून काहीही सिद्ध होत नाही, कारण आपल्याला शब्द ठाऊक असतो.

गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे असतील, किंवा अक्षरांमागून दिवे लागणार असतील, तर प्रकाश कडांवरून पसरतो आणि अक्षर आहे त्यापेक्षा जाड भासते. अशा वेळी एक पायरी कमी जाडी घ्यावी. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते, तिथेही हेच करावे.

मोबाइलवरच्या चित्रफितीचे लघुचित्र हा आजचा सर्वात लहान फलक आहे. त्यावर चार-पाच शब्दांपेक्षा अधिक लिहू नये, आणि ते अंगठ्याच्या नखाएवढे करून पाहिल्याशिवाय पाठवू नये.

पायरी ५ : अंतरे

रोमन शीर्षकात अक्षरे दूर-दूर मांडून ऐटदार परिणाम साधतात. ते पाहून देवनागरीत अक्षरांतले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते, आणि शब्द शब्द राहत नाही. देवनागरीत हे अंतर वाढवू नये, एवढे नेहमी पाळावे. वेबपानावरही अक्षर-अंतराची किंमत शून्य ठेवावी. शब्दाशब्दांतले अंतर मात्र ठळक फॉन्टमध्ये तपासून थोडे कमी करावे लागते, कारण जाड शब्दांमधली मोकळी फट आहे त्यापेक्षा मोठी वाटते.

दोन ओळी असतील तर पहिल्या ओळीचे उकार आणि दुसऱ्या ओळीच्या वेलांट्या-रफार एकमेकांना भिडतात का ते पाहावे. ठरावीक माप सांगण्यापेक्षा शब्दच पाहावेत: कधी ओळींची अदलाबदल केली, किंवा ओळ एका शब्दाआधी तोडली, तर ओळींमधले अंतर न वाढवता प्रश्न सुटतो. नाटकांच्या जाहिरातींसाठी शीर्षके हाताने रेखाटणारे कमल शेडगे (१९३५–२०२०) यांची कामे या दृष्टीने अभ्यासावीत. शीर्षकातले अक्षर त्या एका नाटकासाठी आणि त्या शब्दाच्या वळणातून घडवले जात असे. फॉन्ट तसा नसतो. तो सगळ्यांसाठी बनलेला असतो. म्हणूनच शीर्षक लावल्यावर त्याचे बाह्यरेषांत, म्हणजे टंकता न येणाऱ्या नुसत्या आकारांत, रूपांतर करून एखादी मात्रा किंचित सरकवणे, रफार आणि अनुस्वार यांच्यात मोकळीक करणे, एवढी हातची दुरुस्ती शिकून घ्यावी.

पायरी ६ : दोन लिपी एका फलकावर

महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर, कामगारांची संख्या कितीही असली तरी, आस्थापनेचा नामफलक देवनागरी लिपीत मराठीत असणे बंधनकारक आहे. अन्य भाषेतही नाव लिहिता येते. मात्र मराठी अक्षरे आधी यावी लागतात आणि ती अन्य लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना याच्या पूर्ततेसाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. मुंबईत फलकाचे काम करणाऱ्याला हा नियम फॉन्टच्या निवडीइतकाच जवळून माहीत हवा.

व्यवहारात अडचण अशी येते की दोन्ही ओळींना एकच पॉइंट आकार दिला तरी देवनागरी अक्षर रोमन कॅपिटल अक्षरापेक्षा बुटके दिसू शकते, कारण फॉन्टच्या चौकटीतली पुष्कळ उंची वरखालच्या चिन्हांसाठी राखलेली असते. म्हणून पॉइंटचा आकडा न पाहता पट्टी लावून मोजावे: शिरोरेषेपासून पायापर्यंतची देवनागरी उंची रोमन कॅपिटल अक्षराच्या उंचीएवढी किंवा अधिक असावी. रोमन ओळ एक पायरी कमी जाडीत ठेवली तर मराठी नाव सहज पुढे येते आणि फलकही शांत दिसतो. दोन्ही लिपी एकाच फॉन्ट-कुटुंबातल्या घ्याव्यात. पत्ता, वेळ, दूरध्वनी अशा बारीक मजकुराला त्याच ठळक रूपात लावू नये. तिथे ‘मुक्त’ या फॉन्टसारखा साधा, मजकुराला योग्य फॉन्ट नेमस्त जाडीत वापरावा.

पायरी ७ : कारागिराच्या हाती देताना

फ्लेक्सवर छापायचे असेल तर काम तुलनेने सोपे आहे: मजकूर बाह्यरेषांत रूपांतरित करून, कोरल ड्रॉमध्ये ज्याला कर्व्ह करणे म्हणतात ते करून, फाइल द्यावी, म्हणजे छपाईच्या संगणकावर फॉन्ट नसला तरी अक्षरे बदलत नाहीत. मूळ, टंकता येणारी फाइल मात्र स्वतःजवळ जपावी.

कापून बसवण्याच्या अक्षरांत, म्हणजे ॲक्रिलिक, धातू किंवा व्हिनाइलमध्ये, देवनागरीची खरी परीक्षा असते. फॉन्टमधली शेजारची अक्षरे शिरोरेषेवर एकमेकांवर थोडी चढलेली असतात. छपाईत ते दिसत नाही, पण कटिंगचे यंत्र प्रत्येक बाह्यरेषा इमानाने कापते आणि शिरोरेषेत जागोजागी चिरा पडतात. म्हणून बाह्यरेषा केल्यावर संपूर्ण शब्द वेल्ड किंवा युनाइट करून एकसंध करावा आणि नुसत्या रेषांच्या दृश्यात तो पुन्हा तपासावा. जाडी किंवा रुंदी सरकवता येणाऱ्या फॉन्टांत एकाच अक्षराचे भागही परस्परांवर चढलेले असतात, तिथे ही काळजी दुप्पट घ्यावी.

एकसंध शिरोरेषेचा मोठा फायदा असा की सबंध शब्द एकच तुकडा म्हणून उभा राहतो आणि बसवताना अक्षरे वरखाली होत नाहीत. सुटे राहतात ते अनुस्वार, अर्धचंद्र आणि असेच काही थोडे भाग. पावसाळ्याचा मारा आणि समुद्राची खारट हवा यांत नुसता चिकटवलेला ठिपका टिकत नाही, आणि ‘मुंबई’चे ‘मुबई’ झालेले फलक कोणीही दाखवून देईल. सुट्या ठिपक्यांना मागून खिळ्याचा किंवा सामाईक पट्टीचा आधार द्यायला कारागिराला लेखी सांगावे. अक्षरांच्या आत दिवे बसवायचे असतील तर सर्वात बारीक रेषेची रुंदी दिव्यांच्या पट्टीपेक्षा पुरेशी जास्त आहे ना, हे आधी विचारावे. शिरोरेषा कान्यापेक्षा बारीक असते, त्यामुळे मोजमाप तिचेच घ्यावे. अडचण आली तर अक्षरे एकेक न पेटवता सबंध शब्दामागून प्रकाश टाकण्याचा पर्याय सुचवावा.

परवान्याची एक ओळ. खुल्या परवान्याचे फॉन्ट छपाई, फलक, वेबपान, बोधचिन्ह अशा सर्व कामांना वापरता येतात. त्यांची सुटी विक्री मात्र करता येत नाही. विकतच्या फॉन्टचे परवाने संगणक, संकेतस्थळ आणि ॲप यांसाठी बहुधा वेगवेगळे असतात, आणि बोधचिन्हात वापरण्याची मुभा वेगळी विचारावी लागू शकते. कामाच्या फोल्डरमध्ये फॉन्टची वापरलेली आवृत्ती, तिच्या परवान्याचा मजकूर, युनिकोडमधला मूळ मजकूर आणि ग्राहकाने सही केलेला नमुना एकत्र ठेवावा, म्हणजे दोन वर्षांनी फलकाचा एखादा तुकडा बदलायची वेळ आली तर अक्षर त्याच वळणाचे मिळते.